रंजिताच्या हातची खीर

१२ मे २००९

दादा,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहितात, ते मी या वेळेस लिहिणार नाही.

फोन लावते तं तू कापतोस. वहिनीनं उचलला तं "ते मीटिंगमध्ये आहेत" म्हणते. गोंदियात रविवारीही मीटिंग असते, हे मले नवीनच समजलं. म्हणून पत्र लिहून राहिली. फाडशील तं फाड, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच.

बुद्धपौर्णिमेले विहारात तू जे केलं, ते पूर्ण मोहल्ल्यानं पाहिलं. तुले वाटलं कोणाच्या ध्यानात नाही आलं. "रंजू बेटा, थकशील, बस तू," असं गोड बोलून तू तिच्या हातातली पळी घेतली. आपल्या इथं खीर लेकरंच वाढतात. तू वाढली, मी वाढली, रंजूच्या बापानं, आपल्या अश्विननं वाढली, तुझ्या प्रेरणानंही वाढली. ही पोरगी सकाळपासून पांढरा फ्रॉक घालून माझ्या मागं मागं फिरून राहिली होती, "आत्या, या वर्षी मी वाढू ना? तू म्हणाली होती." आठ वर्षांचं लेकरू. माय नाही, बाप नाही. एक पळी मागत होतं.

पळी गेली तं ती जाऊन बसली. घरी आल्यावर मले म्हणते, "मोठे बाबा किती चांगले आहेत ना, त्यांनी मले थकू नाही दिलं." मी चुलीकडे तोंड करून बसली.

अन् तो गंज, ते खिरीचं मोठं पातेलं? ज्या गंजातून रंजितानं खीर वाढली, तो अख्खा गंज वहिनीनं विहाराच्या मागं नेऊन उपडा केला. "माशी पडली होती," म्हणे. का बाप्पा, एवढ्या मोठ्या गंजात एक माशी पडली अन् ती फक्त तुझ्या बायकोलेच दिसली! घराघरातून दूध जमा केलं होतं त्या खिरीसाठी. ज्या बाया पहाटेपासून चुलीजवळ भाजून निघाल्या, त्या पाहत उभ्या राहिल्या.

अन् त्याच्या आधी तू माईकवर कशावर बोलला? पाण्यावर. आपला आजा विहिरीजवळ ओंजळ धरून कसा वाकून उभा राहायचा, वरून कसं पाणी ओतायचे, ते तू वाकून दाखवलं. बाया डोळे पुसत होत्या. मीही पुसले. मंग तू माईक ठेवला, खाली उतरला, अन् त्याच आजाच्या पणतीच्या हातचं अन्न तुझ्या बायकोनं उकिरड्यावर टाकलं. तू पाहत होता. थांबवलं नाही.

तू केंद्रप्रमुख आहेस. एवढ्या शाळांचे मास्तर तुझ्यापुढे हात जोडून उभे राहतात. एचआयव्ही कशानं होतो अन् कशानं होत नाही, ती पोस्टरं तूच शाळाशाळांत लावली. सोबत जेवल्यानं होत नाही, असं त्याच्यावर ताट काढून लिहिलेलं आहे. कोणासाठी लिहिलं मंग ते? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

एकदा येऊन तिच्या हातचं पाणी पी. दुसरं काही मागत नाही.

शामकला


२० जून २००९

दादा,

तू आला नाहीस. वहिनी आली. पेढे घेऊन आली.

प्रेरणाचं जमलं, ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं, टोमणा मारून नाही राहिली. पोरगी गुणाची आहे. भंडाऱ्याचे लोक, मुलगा इंजिनियर, तिरोड्याले वीज कारखान्याच्या बांधकामावर साहेब. फेब्रुवारीत लग्न. वहिनीनं पेढा माझ्या तोंडात घातला, अन् दुसरा रंजिताच्या हातावर वरून टाकला. हात लागू नये म्हणून असा वरून. मले आजाच आठवला.

मंग पेढ्याच्या मागून खरी गोष्ट निघाली. तिरोडा तं आपल्या गावाच्या बाजूले. उद्या जावई मोटरसायकल काढून गावात येईल, घरात ही पोरगी दिसेल, गाव त्याले सांगेल की हिचे मायबाप कशानं मेले. म्हणून नागपूरच्या पलीकडे कोणती तरी संस्था आहे, "अशा" लेकरांची. तिथं हिले लग्नाच्या आधी टाकायचं. "तिथं खूप चांगलं ठेवतात, बोलणंही झालं आहे," म्हणे. कोणासोबत झालं? माझ्यासोबत तं नाही झालं.

ज्याले कोणीच नाही, त्याच्यासाठी संस्था चांगलीच असेल. मी तिथल्या लोकांना नावं ठेवत नाही. पण रंजिताले मी आहे. तिची माय, अलका, गेली तेव्हापासून तिची वेणी मी घालते. सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, एकही चुकू नाही दिली. डॉक्टरीणबाई म्हणते, वजन वाढलं, अशीच राहिली तं शिकेल, नोकरी करेल, म्हातारीही होईल. ही पोरगी मरून नाही राहिली, दादा. जगून राहिली. तुमची तीच अडचण झाली काय?

दर महिन्याले आम्ही दोघी औषधासाठी गोंदियाले येतो. परतीच्या गाडीले वेळ असतो. तुझं घर टेशनापासून पायी जाण्यासारखं आहे. आम्ही फलाटावर बसून डबा खातो. मागच्या खेपेले तिनं विचारलं, "मोठे बाबाचं घर याच गावात आहे ना?" मी म्हटलं, "आहे, पण ते ड्युटीवर असतात." तुझ्यासाठी मी लेकरासोबत खोटं बोलून राहिली.

जाताना वहिनी उंबऱ्यात उभी राहून काय म्हणाली, ते ऐक. "झाकली मूठ सव्वा लाखाची, शामकला. अन् शेवटी तिच्या आईचेच गुण, आपल्या घराण्यात असं कधी नव्हतं."

अलकाचे गुण? मेलेल्या बाईवर दोष टाकताना जीभ झडली नाही तिची? गाव तेच बोलते, मले माहीत आहे. अलकाचा बाप, टिकाराम मामा, त्याच बोलण्यानं शरमेनं नातीचं तोंड पाहत नाही. पण वहिनीनं बोलावं? अन् तुझ्या घरात राहून, शिकलेल्या बाईनं बोलावं?

रंजिता कुठंही जाणार नाही. तिसरीत नाव आहे तिचं, पुस्तकंही भेटली. जावयाले सांगायचं नसेल तं नका सांगू, मी त्याच्या मोटरसायकलपुढे आडवी पडणार नाही. पण पोरगी हलणार नाही.

शामकला


८ ऑगस्ट २००९

दादा,

वा रे वा. मानलं तुले.

आमचा धानाच्या रोपांचा रोवणा चालू होता. मी बांधीत पऱ्हे लावून राहिली होती, तं शाळेतून बोलावणं आलं. तशीच चिखलाच्या पायानं गेली. हेडमास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले, तेव्हाच मले समजलं की काही तरी वाईट आहे. आमच्यासारख्या बाईसाठी कोण उठते? म्हणे, पालकांची तक्रार आहे. खिचडी एकाच जागी शिजते, लेकरं एका नळावर पाणी पितात. म्हणून "दुसऱ्या लेकरांना धोका नाही" असं लिहून आणा, तोवर हिले घरी ठेवा. मी विचारलं, दोन वर्षं ही पोरगी याच शाळेत होती, तेव्हा तक्रार नव्हती. आताच कुठून निघाली? तं मान खाली घालून म्हणतात, "बाई, माझं नाव घेऊ नका. वरून सांगून आलं."

वरून म्हणजे कुठून, दादा? आभाळातून?

रंजिता वर्गातून निघाली तेव्हा तिले वाटलं, मी तिले बाजारात नेऊन राहिली. पाठीवर दप्तर, आनंदानं उड्या मारत आली. शाळेच्या फाटकाबाहेर तिनं विचारलं, "आज लवकर सुट्टी काऊन?" तेव्हापासून ती रोज माझ्यासोबत बांधीवर येते. बाया रोवतात अन् ही बांधीच्या कडेले धुऱ्यावर छत्रीखाली बसून पाढे म्हणते. सगळ्यांत जास्त तक्रार केली ती पवारांची शकुंतलाबाई, तिचीच बांधी आमच्या बांधीले लागून आहे. ती हिच्याकडे पाठ करून रोवते.

मी इतकी वर्षं हे ओठांवर आणलं नाही. मोठा भाऊ आहेस, बाप गेल्यावर तूच बाप, असं मायनं शिकवलं होतं. आता माय नाही, अन् तुझ्यात बापही उरला नाही. म्हणून लिहिते.

अश्विन गेला त्याच्या आधी, दोन हजार पाच साली, मी त्याच्या उशाशी होती. हाडाचा सापळा झाला होता त्याचा. त्यानं मले जवळ बोलावून सांगितलं, "ताई, दादाले माहीत होतं." तो ट्रकवर होता, रायपूर-नागपूर करायचा, तेव्हा आजारी पडला. तू त्याले नागपूरले नेलं. तिथं तपासणी झाली. तू घरी येऊन मायले सांगितलं, टीबी आहे. अश्विन तुझ्या पाया पडला, म्हणाला, दादा, आता माझं लग्न नको करू. तू काय म्हटलं? "लग्न कर. नाही केलं तं लोक विचारतील काऊन नाही केलं. दोन महिन्यांत तब्येत सुधरेल." अन् तू स्वतः जाऊन टिकाराम मामाच्या अंगणात बसून अलका मागितली. तूच मागितली, मी सोबत होती, मीही चहा पिला. मले तं टीबीच माहीत होतं. तुले सगळं माहीत होतं.

अलकाची चूक काय होती? तिनं माळ घातली. तिले नवऱ्याकडून लागलं, तिच्यापासून पोटातल्या पोरीले लागलं. अन् गावानं तिच्याच नावानं बोटं मोडली. ती विहिरीवर आली तं बाया बादल्या उचलायच्या. तू पाहायचास, अन् चूप राहायचास. तिच्या मयतीले तू आला, फूल वाहिलं, तेव्हाही चूप.

मी कोणाले सांगितलं नाही, कारण मले वाटलं, माणूस आहे, आतून जळत असेल, या पोरीचं तरी चांगलं करेल. तू तिले शाळेतून काढलं.

शामकला


२५ ऑक्टोबर २००९

दादा,

काल आपल्या गावची दिवाळीनंतरची मंडई भरली. दरवर्षीसारखे पाहुणे आले, जत्रेसारखी दुकानं लागली, रात्री दंडारीचा खेळ होता. दुपारी अचानक प्रेरणा आली. तुले सांगून आली नाही, हे मी सांगून राहिली म्हणून तिले रागावू नको. "आत्या, लग्नानंतर मंडईले येणं होते की नाही," म्हणून आली. रंजिताले पाळण्यात बसवलं, बांगड्या घेऊन दिल्या, एका पानात दोघींनी भजे खाल्ले. मी पाहत होती. पोरीनं हात आखडला नाही. ही तुझ्या घरात कशी जन्मली, याचंच मले आश्चर्य आहे.

मंग आम्ही ओसरीत बसलो. लग्नाच्या गोष्टी निघाल्या. प्रेरणा मोठ्या अभिमानानं सांगते, "आत्या, बाबांनी पहिल्याच बैठकीत मुलाच्या वडिलांना स्पष्ट सांगितलं की दोघांचीही एचआयव्हीची तपासणी करून घेऊ, मंगच पुढचं बोलू. ते लोकही चांगले, लगेच हो म्हणाले. माझे बाबा किती पुढारलेले आहेत ना?"

मले हसू आलं, दादा. असं हसू आलं की थांबेच ना. प्रेरणा घाबरली, "आत्या, हसतेस काऊन?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, मंडईतली एक गंमत आठवली. तिले गाडी पकडायची होती. ती गेली. मंग मी घरामागच्या सांदवाडीत जाऊन रडली.

तपासणी मागितली ते बरोबर केलं. शंभरदा बरोबर केलं. प्रत्येक पोरीच्या बापानं मागावी, अन् प्रत्येक पोरीनं स्वतः मागावी, आमच्या मोहल्ल्यातल्या पोट्ट्यापोट्टींना मीही तेच सांगते, कॉलेजातल्या पोट्ट्यांना कंडोमचंही सांगते, लाजत नाही. पण तू हे शिकला कुठून? अलकाच्या मरणातून शिकला. टिकाराम मामाच्या पोरीले मारून शिकला अन् ते शहाणपण फक्त स्वतःच्या पोरीसाठी वापरलं. दुसऱ्याची पोरगी होती तेव्हा तुझ्या तोंडाले कुलूप होतं. तुझी पोरगी आली तं कुलूप उघडलं. नालायक माणसा! मोठ्या भावाले असं लिहू नये. लिहिलं.

आता कान देऊन ऐक. तेरा नोव्हेंबरले शाळेत पालकसभा आहे. रंजिताचं ठेवायचं की काढायचं, ते तिथं ठरणार. ती ऑगस्टपासून घरी आहे. डॉक्टरीणबाईनं लिहून दिलं, ते हेडमास्तरनं टेबलात ठेवलं अन् "सभेत पाहू" म्हटलं. त्या सभेत तू यायचं. केंद्रप्रमुख म्हणून नाही, मोठे बाबा म्हणून. अन् सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की अलका निर्दोष होती, अन् पोरीपासून कोणाले धोका नाही.

नाही आला, तं मी दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याची गाडी पकडते. प्रेरणाच्या होणाऱ्या सासरी ओसरीत बसते अन् सांगते, या घराण्यात तपासणीचा रिपोर्ट कसा दाबतात ते. प्रेरणालेही सांगते. धमकी समज. होय, धमकीच आहे.

शामकला


१५ नोव्हेंबर २००९

दादा,

तू आला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला, हेडमास्तरनं हार आणला होता, तो तू घेतला नाही. तेवढं बरं केलं.

कडुनिंबाखाली सतरंजीवर सगळे होते. लेकरं खिडकीतून पाहत होती, त्यात माझ्यासोबत आलेली रंजिताही होती, मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून. तू उभा राहिला. बोलायचं तं तुले येतेच. तू सांगितलं की अश्विनचा रायपूरकडे अपघात झाला होता, तिथं कुठं तरी रक्त चढवलं, त्या रक्तातून त्याले लागलं. त्याचं वागणं वाईट नव्हतं. अन् अलका तं सीतेसारखी निर्दोष होती, असं म्हणताना तुझा आवाजही भरून आला. कोणी तरी मागून विचारलं, "याले पुरावा काय?" तं तू छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी स्वतः त्याच्यासोबत होतो. नव्व्याण्णव सालची गोष्ट. नागपूरले रिपोर्ट माझ्याच हातात दिला."

अपघात झालाच नव्हता, हे तुले माहीत अन् मले माहीत. पण तू असं सांगितलं की मलेही क्षणभर खरं वाटलं. शकुंतलाबाई उठून म्हणाली, "असं आहे तं मंग पोरीचा काय दोष? येऊ द्या बाप्पा शाळेत." तिनंच म्हटल्यावर बाकीचे काय बोलतील? हेडमास्तरनं तिथल्या तिथं सांगितलं, उद्यापासून पाठवा. टिकाराम मामाही आला होता, मागं उभा होता. सभा सुटल्यावर त्यानं रंजिताच्या डोक्यावर हात ठेवला अन् निघून गेला.

तुझ्या खोट्यानं पोरगी शाळेत गेली. याचा मले किती राग येऊन राहिला, तुले नाही समजणार. खरं बोलायले तुझी जीभ उचलली नाही. भावाले धुतलं, भावजयीले धुतलं, अन् त्याच पाण्यात स्वतःलेही धुऊन घेतलं. घरी येऊन मी पोरीले छातीशी धरून आनंदानं रडली, अन् रडतानाही तुझ्या नावानं शिव्या देत होती.

मले वाटलं होतं, इथं संपलं. पोरगी शाळेत गेली, आपल्याले दुसरं काय पाहिजे? आता दादाचं तोंड पाहायचं नाही अन् त्याले लिहायचंही नाही.

पण आज रविवार. मी धान वाळवत होती. रंजिता आत होती. तिनं भिंतीवरचा तिच्या मायबापाच्या लग्नाचा फोटो खाली काढला, आपल्या फ्रॉकनं पुसला, अन् बाहेर घेऊन आली. त्याच्या खाली लिहिलं आहे, 'अश्विन-अलका, मंगल परिणय, ७ मे २०००'.

मले विचारते, "आत्या, नव्व्याण्णव आधी येते की दोन हजार?"

मी म्हटलं, "नव्व्याण्णव."

तिनं फोटोखालच्या तारखेवर बोट ठेवलं. मंग तिनं जे विचारलं, त्याचं उत्तर मी दिलं नाही. मले येत नव्हतं असं नाही. पण ते मी काऊन देऊ? मी म्हटलं, हे मोठे बाबाले विचार. तं म्हणते, "मी लिहू त्यांना? तुझ्या पत्रात?"

खाली तिनं लिहिलं आहे. मी एक अक्षर सुधारलं नाही.

शामकला


मोठे बाबा,

जयभीम. मी शाळेत जाऊन राहिली. मले पहिल्या बाकावर बसवलं. तुम्ही आले म्हणून मले घेतलं. थँक्यू.

तुम्हाले नव्व्याण्णवले माहीत होतं. आईचं लग्न दोन हजारले झालं. मंग तुम्ही माझ्या आईले काऊन नाही सांगितलं?

आईले माहीत असतं तं तिनं बाबासोबत लग्न नसतं केलं. मंग मी नसती झाली, ते मले समजते. पण आई असती ना?

उत्तर पाठवा.

रंजिता
वर्ग ३ रा